पांढरी तीन, काळी तीन

“हिला चालू करत्यात का कधी?”

आप्पांनी विचारलं आणि मी म्हणालो, “करत असतील. चला, पुढं अजून खूप आहे बघायला.” इतकंच झालं. नागोयाला लागून नागाकुते नावाचं गाव आहे, तिथल्या टोयोटाच्या मोटार संग्रहालयात आम्ही उभे होतो आणि समोर पांढरीशुभ्र २००० जीटी होती. गेली अकरा वर्षं मी या भागात मोटारींच्याच धंद्यात नोकरी करतोय, तरी ही गाडी दिसली की माझं अजून शाळकरी पोरासारखं होतं. लांबलचक नाक, मागं उतरत गेलेली पाठ, पुढं काचेआड दोन मोठे दिवे, आणि त्यांच्या वर बॉनेटमध्ये पापण्या मिटून बसलेले आणखी दोन. उंची अवघी १ मीटर १६ सेंटीमीटर. आप्पा काही उंच नाहीत, पण छप्पर त्यांच्याही छातीखालीच राहत होतं. मी सांगत सुटलो होतो. १९६५ च्या तोक्यो मोटार शोमध्ये पहिल्यांदा दाखवली, १९६७ ते १९७० एवढीच वर्षं बनली, नमुन्याच्या धरून सगळ्या मिळून ३५१. आप्पा मान डोलवत होते. देवळात गुरव माहात्म्य सांगायला लागला की डोलवतात, तशी. मग मध्येच त्यांनी तो प्रश्न विचारला. मला उत्तर ठाऊक नव्हतं, म्हणून मी त्यांना खांद्याला धरून पुढच्या गाडीकडे वळवलं.

परतताना लिनिमोत बसलो. चालक नसलेली, चुंबकावर तरंगत जाणारी ती गाडी. पहिल्यांदा बसणारा माणूस तिच्यावर काहीतरी बोलतोच, आप्पाही बोलले. “गाडी पळतीया, पर खडखड न्हाई. करमत न्हाई अशात.” तेवढं बोलून गप्प झाले ते थेट घरापर्यंत. मला वाटलं दमले असतील. चौऱ्याहत्तरी आहे, तीन तास पायावर होते. पण दमलेला माणूस खिडकीतून बाहेर बघतो, हे स्वतःच्या तळहातांकडे बघत होते.

आमच्या घरात बंद यंत्र ही साधी गोष्ट कधीच नव्हती. इचलकरंजीत आमचे बारा साधे माग होते. गावात ज्यांना ‘खर्चीवाले’ म्हणतात त्यातले आम्ही. सूत व्यापाऱ्याचं, बीम व्यापाऱ्याचं, कापड व्यापाऱ्याचं. आमचं काय, तर पत्रा, वीजबिल आणि मजुरी. घराची मागची भिंत आणि कारखान्याची पुढची भिंत एकच. बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या, त्यामुळे जन्मल्यापासून कानात खटाक्-खट, खटाक्-खट. झोप त्याच आवाजात लागायची. उलट रात्री लाईट गेली की अख्खी गल्ली टक्क जागी व्हायची. त्या शांततेचा अर्थ बायाबापड्यांनाही कळायचा. आई अंधारात उठून चुलीपाशी काहीतरी हुडकत बसायची, उगाच. आप्पा ओसरीवर येऊन उभे राहायचे. आणि माग सुरू असताना ते जेवायला बसले की मध्येच घास हातात धरून थांबायचे. “चार नंबरचा धोटा घासतोय.” आम्हा पोरांना बारा मागांचा एकच गदारोळ ऐकू येई, त्यांना त्यातला चौथा वेगळा ऐकू येई. जाऊन बघावं तर खरंच धोट्याच्या टोकाला कूस निघालेली असायची.

म्हणून तो प्रश्न. दुसरं कोणी विचारलं असतं तर मी विसरून गेलो असतो.

त्याच्या पुढच्या रविवारी आम्ही कारियाच्या हायवे ओअॅसिसला गेलो. महामार्गावरचा थांबा आहे. पाळणा, भाजीबाजार, खाण्याची दुकानं, लोक सहल म्हणून येतात. आप्पांना तिथली संडासं फार आवडतात, पण तो वेगळा विषय. पार्किंगच्या कडेला पाचपन्नास माणसं अर्धगोल करून उभी दिसली, म्हणून आम्हीही सरकलो. मध्ये एलएफए होती. लेक्ससची, म्हणजे टोयोटाच्याच महागड्या गाड्यांच्या शाखेची एलएफए, जगात फक्त ५०० बनल्या, आणि मी टोयोटाच्या अंगणात राहूनही ती रस्त्यावर त्याआधी एकदाच बघितली होती, तीही उलट्या बाजूनं जाताना. मालक साठीचा, डोक्यावर साधी टोपी, हातात मऊ फडकं. पुढच्या बंपरवर आपटलेले किडे तो पुसत होता. किडे बघून मला बरं वाटलं. म्हणजे चालवतो हा.

दार उघडं होतं. दाराच्या उंबऱ्याशी जिथं रंग दिलेला नाही तिथं कार्बन फायबरची काळी वीण दिसते. आप्पा वाकले. मी घाईनं म्हणालो, “हात लावू नका.” त्यांनी हात पाठीमागं बांधले आणि आणखी वाकले, चष्मा कपाळावर चढवून. बारा माग चालवलेला माणूस कापडाकडे बघतो ते फार जवळून बघतो. मग सरळ होऊन मला म्हणाले, “हे कापड हाय.” मी म्हणालो, “कार्बन आहे आप्पा.” “असंल. पर इणलंय की. ताणा हाय, बाणा हाय. ह्याला कापड न्हाई म्हनायचं तर काय म्हनायचं?” मालकानं माझ्याकडे बघितलं. मी मोडक्यातोडक्या जपानीत सांगितलं, की वडील विणकर आहेत. ‘यंत्रमागधारक’ला जपानीत काय म्हणतात ते मला येत नाही, म्हणून विणकर म्हणालो. त्या माणसानं टोपी काढली आणि आप्पांना वाकून नमस्कार केला. आप्पांना काही कळेना. त्यांनीही हात जोडले.

थोड्या वेळानं तो निघाला. आत बसला, दार लावलं, आणि इंजिन सुरू झालं. मी आजवर यूट्यूबवर तो आवाज शेकडो वेळा ऐकलाय. उगाच ऐकला असं वाटलं. सुरू होतानाच एक उसळी घेतं ते, एखाद्यानं झोपेतून दचकून उठावं तशी, आणि मग लगेच खाली येऊन बारीक, ताणलेल्या आवाजात गुणगुणत राहतं. मागं मध्यभागी त्रिकोणात तीन नळकांडी, त्यांतून हवा थरथरताना दिसत होती. अर्धगोलातल्या एका बाईनं लहान मुलाचे कान झाकले. मालकानं काच खाली केली, आवाजाबद्दल माफ करा म्हणून सगळ्यांना मान लववली आणि हळूहळू रॅम्पकडे गेला. महामार्गाला लागल्यावर त्यानं पाय दिला असणार, कारण दूरवरून तो चढत जाणारा सूर आला आणि कापल्यासारखा बंद झाला. गियर बदलला, पुन्हा चढला. आप्पा सगळ्याचं चित्रण करत होते. ते जपानात आल्यापासून सगळ्याचंच चित्रण करतात, संडासाच्या बटणांचंसुद्धा. पण यावेळी फोन छातीशी धरून डोळे मिटून उभे होते. चित्रात नंतर फक्त डांबर आणि माझे बूट आले. आवाज मात्र स्वच्छ आला होता.

आता २००० जीटी आणि एलएफए हे खरं तर दोन वेगळ्या युगांचे दोन प्राणी. मी अनेक वर्षं या दोघींची मनातल्या मनात झुंज लावत आलोय, गावाकडे लोक जुन्या आणि नव्या पैलवानांची लावतात तशी. पण या दोघींचं गोत एकच आहे. दोन्ही गाड्यांच्या कुंडलीत टोयोटाच्या शेजारी यामाहा आहे. २००० जीटीसाठी टोयोटानं आपल्या क्राउन गाडीचं सहा सिलिंडरचं इंजिन दिलं आणि यामाहानं त्याच्यावर नवं, दोन कॅमशाफ्टचं डोकं बसवलं. २ लिटरला थोडं कमी, १५० अश्वशक्ती. गाडी जुळवलीही यामाहाच्याच कारखान्यात, इवाता गावी. आणि आतला लाकडी डॅशबोर्ड, जो बघून माझा जीव दरवेळी खालीवर होतो, तो यामाहाच्या पियानो बनवणाऱ्या हातांचा. संग्रहालयात काचेला नाक लावून बघितलं तर त्या लाकडाचे रेषे दिसतात. चाळीसएक वर्षांनी टोयोटा पुन्हा यामाहाकडे गेली, आणि यावेळी ४.८ लिटरचं, दहा सिलिंडरचं, ५६० अश्वशक्तीचं इंजिन झालं. ते इतक्या चटकन चढतं, नुसतं गुणगुणत असताना पाय दिला की मिनिटाला ९००० फेऱ्यांपर्यंत ०.६ सेकंदात, की काट्याच्या घड्याळाला पाठलाग जमेना. म्हणून तिथं पडद्यावरचा काटा बसवावा लागला. आणि आवाज जुळवायला पुन्हा वाद्यवाल्यांनाच बोलावलं. हवा आत ओढणाऱ्या भागाच्या झाकणाला आतून आडव्या फासळ्या आहेत, कशाला, तर तो नीट घुमावा म्हणून. पेटीवाल्याला हे सांगावं लागणार नाही.

यामाहाची सुरुवातही पेटीपासूनचीच. १८८७ साली हामामात्सुच्या एका शाळेतला मोडका ऑर्गन दुरुस्त करायला तोराकुसु यामाहा गेले आणि तिथून सगळं सुरू झालं. आपल्या संगीत नाटकांत पायपेटी असायची ना, त्याच जातीचं वाद्य. मला हे कळलं तेव्हा हसू आलं होतं, कारण आमच्या गल्लीत यामाहा या शब्दाचा अर्थ एकच होता: धाकट्या काकांची आरएक्स १००. गल्लीत तिला ‘यामा’ म्हणायचे. काका चौकातून वळले की आजी चहाचं आधण ठेवायची. आवाजावरून माणूस ओळखायचा आणि आवाजावरून माग ओळखायचा, अशा घरात मी वाढलो. पुढे शिकून असं काम करायला लागलो, ज्यात इलेक्ट्रिक गाडीचा आवाज किती कमी करता येईल ते मोजायचं असतं. असो.

त्या रात्री जेवणं झाल्यावर मी कागदावर एक गणित मांडलं. आप्पा आमच्या भजनी मंडळात पेटी वाजवतात, म्हणून मांडलं, नाहीतर मांडलं नसतं. सहा सिलिंडरच्या इंजिनात दर फेऱ्याला तीन स्फोट. २००० जीटी आपली पूर्ण ताकद देते ती मिनिटाला ६६०० फेऱ्यांवर, म्हणजे सेकंदाला ११० फेरे, ३३० स्फोट. ३३० म्हणजे पेटीच्या मधल्या सप्तकातली पांढरी तीन, जवळजवळ बिनचूक. एलएफएत दर फेऱ्याला पाच स्फोट; ९००० फेऱ्यांवर सेकंदाला ७५०. ती वरच्या सप्तकातल्या काळी तीनच्या किंचित वर बोलते. आप्पांनी कागद हातात घेतला, मांडीवर बोटं ठेवून दोन्ही पट्ट्या चाचपल्या. “पांढरी तीन म्हंजे बुवा खणखणीत पायजे,” म्हणाले. “पर जमतंय. गाणारी हाईत आपल्याकडं. वरची काळी तीन म्हंजे माणसाचं काम न्हाई, लेका. तिथं गळा फाटतोय.” मग थोड्या वेळानं, “आन् आपला माग?” साधा माग मिनिटाला दीडशेच्या आसपास मारतो, म्हणजे सेकंदाला अडीच. मी सांगितलं, एवढ्या कमी वेगाचा सूर होत नाही आप्पा, नुसता ताल राहतो. “मग तेच तर,” म्हणाले. काय तेच, ते सांगितलं नाही.

मला स्वतःला २००० जीटी जास्त आवडते, हे कबूल करून टाकतो. तिच्यात माणसाची भीड आहे. टोयोटानं तोवर अशी गाडी केली नव्हती, आपल्याला जमेल की नाही ही धाकधूक तिच्या अंगावर दिसते. ऑक्टोबर १९६६ मध्ये याताबेच्या चाचणी मैदानावर त्यांनी तिला वादळी पावसात दिवसरात्र पळवली. ७२ तास, सरासरी ताशी २०६ किलोमीटर. तीन जागतिक विक्रम आणि तेरा आंतरराष्ट्रीय. आप्पांना तिच्या रूपापेक्षा हा आकडा भावला. “सहा पाळ्या,” ते लगेच म्हणाले, “माग न थांबवता.” बाकी पैशाच्या अंगानं बघितलं तर वेडाचार होता. त्या काळी नवी कोरोला ४ लाख ३२ हजार येनला मिळायची आणि ही २३ लाख ८० हजारांना. एका गाडीत घरच्या पाच कोरोला आल्या असत्या. कोण घेणार? तिच्यापायी नाव झालं, बाँडपटात दोन गाड्या छप्पर कापून नाचवल्या, पण गल्ल्यात काही पडलं नाही.

एलएफए उलट. तिला कसली भीड नाही, तिला हट्ट आहे. २००० सालाच्या आसपास काम सुरू झालं, अॅल्युमिनियमची करायची म्हणून पाच वर्षं घासली, आणि २००५ मध्ये ते बाजूला सारून कार्बनची करायची ठरवलं. तोवरचं बरंच पाण्यात. तिचे मुख्य इंजिनियर हारुहिको तानाहाशी, त्यांनी हे वरच्यांना कसं पटवलं असेल कोण जाणे. माझ्या कचेरीत एक सेन्सर बदलायचा तर चार महिने मीटिंगा चालतात. २०१० च्या अखेरीपासून मोतोमाची कारखान्यात दिवसाला एक गाडी, फक्त एक, आणि १४ डिसेंबर २०१२ ला पाचशेवी बाहेर पडून खेळ संपला. किंमत ३ कोटी ७५ लाख येन, तरी सौदा तोट्याचाच. आणि लोकांनी तेव्हा रांगा लावल्या असंही नाही. अमेरिकेत काही गाड्या कोऱ्याच्या कोऱ्या दुकानांत वर्षानुवर्षं पडून होत्या. आज या दोन्ही गाड्यांचा लिलाव झाला की आकडे वाचून डोकं गरगरतं. अमेरिकन शर्यतवाले कॅरोल शेल्बी यांच्या शर्यतीच्या ताफ्यातली एक २००० जीटी २०२२ मध्ये २५ लाख डॉलरच्या वर गेली.

दोन्ही गाड्यांचा काळ बघितलेल्यांत मला हिरोमु नारुसे आठवतात. १९६३ मध्ये मेकॅनिक म्हणून टोयोटात लागलेला माणूस, म्हणजे २००० जीटी लोकांनी बघितली त्याच्याही आधी. पुढे कंपनीचा सगळ्यात जाणता चाचणी-चालक झाला. गाडी कशी हवी हे कागदावरून नाही, बुडाखालून आणि हातांतून कळणारा. एलएफए घडत गेली ती त्यांच्या हाताखालून. २३ जून २०१० ला जर्मनीत नुरबुर्गरिंग या शर्यतीच्या मैदानाजवळच्या रस्त्यावर एलएफएच चालवताना समोरासमोर धडक झाली आणि ते गेले. सदुसष्टीत होते. पहिली गाडी गिऱ्हाइकाला मिळायची होती अजून. मी आप्पांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त वय विचारलं.

गोल मागाचं सांगायचं राहिलं. एलएफएच्या पुढच्या काचेशेजारचा खांब असतो ना, तो पोकळ कार्बनचा, आणि तो विणण्यासाठी टोयोटानं एक गोल माग बनवला. चहूबाजूंनी धाग्यांच्या रिळांचा फेर, मध्ये साचा, आणि त्याच्याभोवती काळी नळी विणली जात वर सरकते. मी आप्पांना त्याचं चित्रण लॅपटॉपवर दाखवलं. चार वेळा बघितलं त्यांनी. मोटारींची कंपनी माग का बनवते, याचं उत्तर मला वाटतं इचलकरंजीत पोरांनाही देता येईल, कारण आता गावात हवेच्या झोतानं धागा फेकणारे जे एअरजेट माग आलेत त्यांच्यावर टोयोटाचंच नाव असतं. साकिची तोयोदांचे माग आधी, मोटार नंतर. १९२४ चा जी मॉडेलचा माग, ताण्याचा एक धागा तुटला की आपोआप थांबणारा. त्याचे हक्क १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सला १ लाख पौंडांना दिले, आणि साकिचींचा मुलगा किइचिरो मोटारीच्या मागे लागला.

नागोयात त्यांच्या जुन्या गिरणीच्या लाल विटांच्या इमारतीत हे माग अजून चालवून दाखवतात. आप्पांना तिथं न्यायचं मी मुद्दाम टाळत होतो. शेवटी त्यांच्या परतीच्या चार दिवस आधी नेलं. टाळण्याचं कारण सांगतो. सहा वर्षांपूर्वी आमचे माग गेले. मजुरी परवडेना, कामगार मिळेना, माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरचे गुडघे गेले. मीच इथून फोनवर म्हणालो होतो, “आप्पा, भंगार आहे ते. आहे तो भाव घ्या आणि मोकळे व्हा.” साधा माग बिडाचा असतो. अख्खा उचलून न्यायला जड, म्हणून भंगारवाले जागेवरच घणानं फोडतात आणि वजनावर नेतात. आई सांगत होती, दोन दिवस घणाचे आवाज येत होते आणि आप्पा भिंतीच्या अलीकडे, घरात, पाठ टेकून बसून होते. कुठला माग चाललाय ते त्यांना आवाजावरून कळतच असणार.

तर त्या लाल इमारतीत निळ्या गणवेशातल्या एका मुलीनं जी मॉडेलचा माग सुरू केला. आप्पांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी बघितलं नाही, मी मागाकडेच बघत राहिलो. मग दाखवण्यासाठी तिनं ताण्याचा एक धागा तोडला आणि माग खट्कन थांबला. बघणाऱ्यांनी “ओऽऽ” केलं. आप्पांचा हात मात्र लोखंडी कठड्यावरून पुढं गेला होता. अंगठा आणि पहिली दोन बोटं, धागा तुटला की विणकराची जातात तशी. धाग्यापर्यंत पोचला नाही, मध्येच थांबला, आणि त्यांनी हवेतच ती गाठ मारली. मुलीनं ते बघितलं. तिनं स्वतःचा हात तसाच करून दाखवला, अगदी तीच गाठ, आणि हसली. मग धागा जोडला, माग पुन्हा लावला.

बाहेर बाकावर बसून आप्पांनी डबा उघडला. धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. इथंही ते डबा घेतल्याशिवाय निघत नाहीत. दोन घास झाल्यावर म्हणाले, “एक धागा तुटला की थांबतोय. हुशार हाय. आपल्याला डोळ्यात तेल घालून बघाय लागायचं.” मी हो म्हणालो. “शंभर वर्सं झाली त्येला, तरी चालतोय. आन् ती पांढरी गाडी?”

यावेळी मात्र मी आधीच माहिती काढली होती. संग्रहालयातल्या बहुतेक गाड्या चालत्या ठेवलेल्या आहेत. मेकॅनिक आहेत, कार्यशाळा आहे, वर्षातून एकदा जुन्या गाड्यांची जत्रा भरते तेव्हा काही रस्त्यावर पळवतात. नुसत्या मांडून ठेवत नाहीत. त्यांनी चटणी बोटानं निपटली. “मग ठीक हाय,” म्हणाले. आणि डब्याचं झाकण लावताना, माझ्याकडे न बघता, “त्या दिवशी इचारायला काय झालं हुतं तुला?”

परतीच्या आदल्या रात्री ते बाल्कनीत फोन घेऊन बसले होते. एलएफएचा तो आवाज लागला, डांबर आणि माझे बूट असलेला. संपला, पुन्हा लागला. मी आतून विचारलं, काय करताय? तर त्यांनी तो तुकडा आमच्या जुन्या जॉबरमामांना पाठवला होता, खाली एक अक्षर न लिहिता. गावात तेव्हा संध्याकाळ असेल. मामांचा आवाजी निरोप आला. त्यांच्या मागं कुठंतरी कुणाचे तरी माग चालू होते.

“आप्पा, कुठला माग म्हनायचा ह्यो? एअरजेट न्हाई वाटत. आर्पीएम किती?”

आप्पांनी चष्मा चढवला आणि एका बोटानं आकडे दाबले. ९०००.

बराच वेळ काही आलं नाही. मग आलं.

“दोरा टिकतोय का?”